मुलं नायक असलेला अद्भुत लघुपट: कोल्हापुरात, एका मोबाइलवर

मूल नायक असलेल्या विज्ञानकथेत किंवा अद्भुतकथेत पहिला निर्णय घ्यायचा तो कॅमेऱ्याच्या उंचीचा. दहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. लेन्स तिथं नेली की दाराची कडी उंच होते, मोठ्या माणसाचा नुसता हात आणि कमरेचा पट्टा दिसतो, उसाचा फड जंगल होतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 'ई.टी.' (१९८२) मध्ये आई सोडून बाकीच्या मोठ्या माणसांचे चेहरे बराच वेळ दाखवलेच नाहीत आणि कॅमेरा मुलांच्या नजरेच्या पातळीवर ठेवला. याला खर्च काही नाही. ट्रायपॉडचे पाय अर्धे मिटायचे, एवढंच.

आपल्याकडे तर हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या आरंभी ती कॅमेऱ्यासमोर वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि त्यानंतर कृष्ण होते. आधी मूल ओळखीचं होतं, मग चमत्कार पटतो. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, प्रभात कंपनीनं आपला पहिला मूकपट 'गोपाळ कृष्ण' याच कोल्हापुरात केला. तुमच्या लघुपटातही पहिल्या दीड मिनिटात जादू नको. पोरगं कुणाशी भांडतं, खिशात काय ठेवतं, कशाला घाबरतं, हे आधी दिसू द्या.

पुढची सगळी मापं आठ ते दहा मिनिटांचा लघुपट, तीन मुलं, एक मोबाइल आणि पाच दिवसांचं शूटिंग धरून दिली आहेत.

गोष्ट

जादूचा नियम एकच हवा आणि तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. समजा, उद्यमनगरातल्या भंगारातून पोरांनी जोडलेलं यंत्र ऐकलेला आवाज परत काढतं, पण प्रत्येक आवाज एकदाच. हा झाला नियम. आता त्याची किंमत ठरवा: वारलेल्या आजोबांचा आवाज यंत्रात आहे आणि तो एकदा ऐकला की गेला. गोष्ट इथं उभी राहते. नियम मध्येच बदलला, यंत्र अचानक उडायलाही लागलं, की प्रेक्षकातलं आठ वर्षांचं पोरगं सगळ्यांच्या आधी ओरडतं, "हे कसं काय?" आणि ते बरोबर असतं.

विज्ञानकथा असेल तर मुलांना त्या वस्तूची चाचणी घेताना दाखवा. तीन प्रयोग पुरतात: पहिला फसतो, दुसऱ्यात नियम कळतो, तिसऱ्यात नियमाची मर्यादा कळते. अद्भुतकथेत प्रयोगाची जागा कराराला द्या. कुणीतरी काहीतरी मागतं, मूल हो म्हणतं आणि पुढं ते निभावणं जड जातं.

शेवटचा निर्णय मुलाचाच हवा. आई येऊन सोडवते, पोलिस येतात, किंवा "हे सगळं स्वप्न होतं" असा शेवट केला की आधीची नऊ मिनिटं वाया जातात. मोठ्यांना दूर ठेवायला खरं कारण द्या. ऊसतोडीचा हंगाम, फाउंड्रीतली रात्रपाळी, जत्रेची गडबड, काहीही चालेल. पण ते त्या घरातलं असावं.

संवाद पुस्तकी लिहू नका. "तू काय करत आहेस?" असं कोल्हापुरातलं कुठलंही पोरगं म्हणत नाही, "काय करालायस?" म्हणतं. इथली मुलगी "मी जातो, मी आलो" असंच बोलते, तिला "जाते, आले" करायला लावलं की तिची जीभ अडखळते आणि टेक वाया जातो. संहितेत प्रसंग लिहा, वाक्यं मुलांच्या तोंडून येतील तशी पक्की करा.

पटकथा आठ-दहा पानांची असावी, पानाला मिनिट या हिशेबानं. त्यात करामतीचे (गायब होणं, उडणं असे) शॉट बारापेक्षा जास्त नकोत आणि करामतीचे प्रकार तीन-चारच. प्रत्येक प्रकाराची आधी गच्चीवर एकदा चाचणी घ्या. न तपासलेली करामत शूटिंगच्या दिवशी दोन तास खाते आणि तेवढ्यात मुलं कंटाळून जातात.

मुलं आणि वेळ

आठ ते बारा हे वय सगळ्यात सोयीचं. पण या वयात दात पडतात, केस कापले जातात, उंची वाढते. शूटिंग महिनाभर रेंगाळलं की एकाच प्रसंगात दात आहे-नाही-आहे असा घोटाळा होतो. म्हणून पाचही दिवस दोन आठवड्यांत बसवा आणि तोवर कुणाचे केस कापायचे नाहीत, हे पालकांना आधीच सांगा.

निर्मिती व्यावसायिक असेल तर कायदा स्पष्ट आहे. बालकामगारविषयक कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जिथं शूटिंग होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलानं दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या कमाईतला निदान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. हौसेच्या लघुपटालाही हेच तास लावा. पाच तासांनंतर मुलाचा चेहरा थकलेला दिसतो आणि ते फुटेज कापावंच लागतं.

उन्हाळी सुट्टीत हे तास आपोआप दोन भागांत पडतात: सकाळी सात ते दहा, दुपारी साडेचार ते साडेसहा. मधल्या वेळात ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि मुलं डोळे बारीक करतात. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो. पठारावर शूटिंग चालू असताना आभाळ भरलं, गडगडलं की लगेच खाली यायचं, शॉट कितीही राहिलेला असो. लोखंडी स्टँड आणि उघडं माळरान यांचा मेळ वीज असताना जीवघेणा आहे.

अभिनयाबद्दल एकच गोष्ट जपा. "घाबर", "रड" असं सांगू नका. काम द्या: "या बरणीतली गोळी सांडू न देता त्या दारापर्यंत जा." चेहरा आपोआप एकाग्र होतो. 'ई.टी.' बराचसा कथेच्या क्रमानंच चित्रित केला, म्हणजे शेवटचा निरोप मुलांनाही खरा वाटावा. पाच दिवसांत सगळं क्रमानं जमणार नाही. गोष्टीत एखादा विचित्र प्राणी असेल तर निदान मुलगा आणि तो प्राणी यांचे प्रसंग तरी क्रमानं घ्या. प्राण्याचा मुखवटा पहिल्या भेटीच्या शॉटपर्यंत मुलांपासून लपवून ठेवला तर पहिल्या टेकमध्ये खरं नवल मिळतं. नवलासाठी हे चालेल. भीतीसाठी मुलाला कधीही फसवू नका; पुढचे चार दिवस ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

जागा

मंगळ हवा असेल तर तो पन्हाळ्याच्या बाजूच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर आहे. मे महिन्यात ती जमीन कोरडी, तांबडी आणि ओसाड असते. पावसाला सुरुवात झाली की थोड्याच दिवसांत ती हिरवी होते, त्यामुळे तिथला राहिलेला एक शॉट जूनमध्ये घ्यायचा म्हटलं तर तो जुळत नाही. पठाराचे सगळे शॉट एकाच दिवशी उरका. पन्हाळा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांबरोबर त्याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. संरक्षित वास्तूत कथापटाचं शूटिंग करायला लेखी परवानगी लागते, ड्रोनचे नियम वेगळे. किल्ल्याबाहेरचा सडा असला तरी जमीन कुणाची आहे, हे आधी विचारून घ्या.

जादूगाराची प्रयोगशाळा म्हणून गुऱ्हाळाइतकी सुंदर जागा दुसरी नाही: वाफ, काहिलीतला उकळता रस, चुलवाणातला जाळ. पण गुऱ्हाळं हिवाळ्यात जोरात असतात आणि मे महिन्यात बहुतेक थंड पडलेली असतात. म्हणून तो जाळ आणि ती वाफ जानेवारीतच, मुलांशिवाय, टिपून ठेवा. मुलांचे शॉट नंतर कुठल्याही काळ्या भिंतीसमोर, खालून पिवळा दिवा लावून घ्या आणि संकलनात जोडा. उकळत्या काहिलीजवळ मुलांना नेण्याचं कारणच उरत नाही.

उसाच्या फडात शिरायचं असेल तर पूर्ण बाह्या, बंद बूट आणि पुढं एक मोठा माणूस काठी आपटत. उसाची पानं गालावर ओरखडे काढतात आणि फडात साप असतो. खरं तर कडेच्या दोन सरींतच कॅमेरा खाली ठेवला की फड अथांग दिसतो. आत जायची गरज पडत नाही.

करामती

सगळ्या करामतींचा पाया एक: कॅमेरा हलता कामा नये आणि प्रकाश बदलता कामा नये. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्सपोजर (चित्रातल्या उजेडाचं माप) लॉक होतं. सुरू-बंद करायला पडद्याला हात लावू नका, ब्लूटूथ रिमोट वापरा. फ्रेम सेकंदाला २५ ठेवा. दिव्यांच्या उजेडात शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० हवं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं.

गायब होणं सगळ्यात सोपं. मूल उभं, "थांब" म्हटल्यावर बाकीचे पुतळ्यासारखे गोठतात, ते मूल फ्रेमबाहेर जातं, रेकॉर्डिंग चालूच राहतं. मधला भाग कापला की झालं. फसतं ते तीन कारणांनी: गोठलेल्यांपैकी एखादा हसतो, ढग येऊन उजेड बदलतो, किंवा जाणाऱ्या मुलाचा पाय ट्रायपॉडला लागतो. कापलेल्या जागी आवाज मात्र सलग ठेवा. आवाज तुटला की डोळ्यालाही तुटक दिसतं.

एकाच मुलाची दोन रूपं हवी असतील तर फ्रेमच्या मधोमध खांब, दाराची चौकट किंवा भिंतीची कड येईल असं बघा. डावीकडचा भाग आधी, उजवीकडचा नंतर घ्या आणि संकलनात त्या कडेवर जोडा. मधली रेघ ओलांडायची नाही, सावलीनंसुद्धा नाही. समोरच्या "दुसऱ्या"ची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी खऱ्या वेगानं बोलावीत, नाहीतर उत्तरं चुकीच्या वेळी येतात.

आता सगळ्यात मजेची करामत, मूल इवलंसं करण्याची. ही अंतरावर चालते. मोठा माणूस लेन्सपासून २ मीटरवर आणि मूल ६ मीटरवर उभं केलं की १३५ सेंटिमीटरचं मूल ४५ सेंटिमीटरचं वाटतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. ते टेबलावर उभं दाखवायचं तर ७५ सेंटिमीटर उंचीचं टेबल असं ठेवा की त्याची मागची कड लेन्सपासून २ मीटरवर येईल. लेन्सची उंची ठेवा ११२ सेंटिमीटर, म्हणजे टेबलाच्या दीडपट. ६ मीटरवर जमिनीवर उभ्या मुलाचे पाय बरोबर टेबलाच्या मागच्या कडेवर येतात आणि मधली जमीन टेबलामागं लपते. लेन्स दहा सेंटिमीटरही वर गेली तर मूल टेबलामागं तरंगतं, खाली आली तर पाय कापले जातात.

अजून लहान करायचं तर अंतर वाढवा. मूल ८ मीटरवर नेलं तर लेन्सची उंची टेबलाच्या १.३३ पट, म्हणजे साधारण १०० सेंटिमीटर. यासाठी शाळेचं पटांगण किंवा मोठी गच्ची हवी. मोबाइलचा मुख्य, १एक्सचा कॅमेरा वापरा. त्याचं छोटं सेन्सर जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट ठेवतं, आणि इथं तेच हवं आहे. पोर्ट्रेट किंवा सिनेमॅटिक मोड बंद, कारण ते मागचं धूसर करतात आणि बनाव उघडा पडतो. ०.५एक्स लेन्सवर कडा वाकतात, ती नको. ऊन दोघांवर एकाच बाजूनं पडायला हवं. ढगाळ सकाळ उत्तम.

नजर हा या शॉटचा प्राण आहे. मोठ्या माणसानं मुलाकडे प्रत्यक्षात पाहायचंच नाही, टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या खडूकडे पाहायचं (खडू टेबलाच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला चिकटवा). मुलानं पाहायचं ते फ्रेमबाहेर उंच धरलेल्या बांबूच्या टोकाकडे. बांबू धरणाऱ्याला मोबाइलचा पडदा बघणाऱ्यानं "डावीकडं, अजून वर" असं सांगत राहायचं. दोन नजरा जुळल्या की बाकीचे दोष कुणी बघत नाही.

भिंतीवर चालणंही जमतं. 'माय डियर कुट्टीचात्तन' (१९८४) या भारतातल्या पहिल्या त्रिमितीय सिनेमात मुलं भिंतीवर आणि छतावर चालतात, त्यासाठी अख्खी खोली फिरती बांधली होती. आपण जमिनीलाच भिंत करू. वाड्याच्या किंवा शाळेच्या वरच्या गॅलरीतून मोबाइल सरळ खाली रोखा, फरशीवर खडूनं खिडकी, फळी, बल्ब काढा, आणि मूल त्या फरशीवर सरपटत "चढतं". बनाव उघडा पाडतात ते केस आणि कपडे: वेणी घट्ट आंबाड्यात बांधा, सदरा आत खोचा. मोबाइल दोरीनं गॅलरीच्या कठड्याला दोनदा बांधल्याशिवाय खाली मुलांना येऊ देऊ नका.

उडण्यासाठी मुलांना दोरीला टांगू नका, हार्नेसचं प्रशिक्षण नसलेल्या माणसानं तर नाहीच. छातीपासून वरचा शॉट घ्या, मूल भक्कम पाटावर पोटावर झोपलेलं, पाट दोन टेबलांवर, बाजूला पेडेस्टल पंखा, मागं मोकळं आभाळ. कॅमेरा हळूहळू बाजूला सरकवला की उडण्याचा भास होतो.

हिरव्या कापडाचा (मूल त्याच्यापुढं टिपून संकलनात हिरव्याच्या जागी दुसरं चित्र घालण्याचा) सोस कमी धरा. वापरायचंच तर तीन बाय तीन मीटरचं पॉपलिन घ्या, सॅटिन नको, ते चमकतं. इस्त्री करून ताणून लावा, मूल कापडापासून निदान २ मीटर पुढं ठेवा. केसांना भरपूर तेल असेल तर केसांवरच हिरवी झाक येते. शूटिंगच्या दिवशी तेल नको, हे आदल्या दिवशी आईला सांगावं लागतं.

छोट्या मॉडेलचा मनोरा कोसळवायचा असेल तर प्रमाण १:२५ ठेवा, म्हणजे ८ मीटरचा मनोरा ३२ सेंटिमीटरचा. खरी वजनदार वस्तू पडताना जितका वेळ लागतो तो दाखवायला वेग प्रमाणाच्या वर्गमुळाइतका कमी करावा लागतो: २५ चं वर्गमूळ ५, म्हणून सेकंदाला १२० फ्रेम टिपा आणि २५ नं चालवा. यासाठी भरपूर ऊन हवं. धुळीसाठी वस्त्रगाळ माती चांगली. मैदा उडवू नका, जाळाजवळ तो पेटतो. पाणी मात्र छोटं होत नाही, थेंब मोठेच दिसतात, म्हणून मॉडेलमध्ये पूर आणू नका.

धूर हवा असेल तर गणपतीच्या देखाव्यांना फॉग मशीन पुरवणाऱ्या डेकोरेशनवाल्याकडून ते भाड्यानं घ्या. बंद खोलीत कोरडा बर्फ वापरू नका. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, आणि मुलांची नाकं तिथंच असतात.

मुखवटा

कुंभार गल्लीत मूर्ती करणाऱ्यांकडून शाडूचा साचा करून घेतला तर मुखवट्याला खरा चेहरा येतो. साच्यावर तेल लावा, वर खळीनं (शिजवलेल्या पिठाच्या चिकट लगद्यानं) कागदाचे सात-आठ थर, दर दोन थरांनंतर पूर्ण वाळवण. घाई केली तर आतला थर ओला राहतो, बुरशी धरतो आणि वास मारतो. खळीत कीड लागू नये म्हणून अनेक जण मोरचूद घालतात. मुलाच्या तोंडावर बसणाऱ्या मुखवट्यात ते अजिबात नको, विषारी आहे. खळ रोज ताजी शिजवा. डोळ्यांची भोकं बाहेरून दिसतात त्यापेक्षा आतून मोठी कापा आणि नाकाखाली हवेला दोन बोटं जागा ठेवा. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त मुखवटा चढवून ठेवायचा नाही.

प्राणी संकलनात नंतर घालायचा असला तरी सेटवर त्याच्या जागी काठीवर चेंडू आणि शेजारी त्याची वाक्यं बोलणारा माणूस हवाच. रिकाम्या हवेशी बोलताना मुलांची नजर भिरभिरते.

आवाज आणि संकलन

मोबाइलच्या माइकवर विसंबू नका. दुसरा मोबाइल मुलाच्या खिशात, कॉलर माइक सदऱ्याच्या आत, आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला एक टाळी, जुळवणीसाठी. प्रत्येक जागी कुणीही न बोलता तीस सेकंदांचा आवाज टिपा. कापलेल्या जागा तोच भरून काढतो. पठारावर वारा माइकमध्ये फडफडतो. तिथले संवाद शॉट संपल्या संपल्या, गाडीत काचा बंद करून, त्याच मुलाकडून पुन्हा बोलून घ्या. आठवड्यानं घेतले तर तो जोश राहत नाही.

यंत्राचा आणि प्राण्याचा आवाज इथल्याच वस्तूंतून काढा: चरकाची करकर, रहाटाचा खडखडाट, पितळी घागरीत तोंड घालून घेतलेला हुंकार. तो ३० टक्के हळू चालवला की ओळखू येत नाही.

पहिली जुळणी झाली की ती लघुपटात नसलेल्या पाच-सहा मुलांना दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, मुलांकडे बघा. जिथं चुळबुळ सुरू होते ती वेळ लिहून ठेवा. बहुतेक वेळा ती जागा करामतीची नसते, मोठ्यांच्या बोलण्याची असते. तिथं निम्मं कापा आणि दुसऱ्या पाच-सहा मुलांना दाखवा. यूट्यूबवर टाकताना मुलांचं पहिलं नावच श्रेयनामावलीत ठेवा. शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला आणि घराची पाटी कुठं दिसत असेल तर ती फ्रेम बदला किंवा धूसर करा.